वासाचं खाचर

आमच्याकडे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव असतं. पुण्याच्या माणसाला हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. चहूबाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा म्हणजे खाचर, आणि त्याला माणसासारखं नाव. चिंचेचं, वाकडं, मधलं. आबा, म्हणजे माझे वडील, कुठे गेले असं कुणी विचारलं तर 'शेतावर' असं उत्तर घरात कधी यायचं नाही. 'वाकड्यात गेलेत' असं यायचं. आमचं सगळ्यात चांगलं खाचर पौडच्या रस्त्याला लागून होतं. त्यात आबा फक्त आंबेमोहर लावत. भात फुलोऱ्यावर आलं की रस्त्याने जाणारे गाडीवान नाक वर करून बैल हळू हाकायचे. त्याचं नाव वासाचं खाचर. कोपऱ्यात शेंदूर लावलेला एक दगड होता, आणि दर वर्षी नव्या तांदळाची पहिली मूठ आबा त्या दगडापुढे ठेवत.

ही हकीकत त्या नावाची आहे आणि ते ज्याने पळवलं त्या माणसाची. त्याच्याबद्दल मला आजही काडीची दया नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मोठी लढाई चालू होती तेव्हा मी शाळेत पाटी धरत होतो. एके दिवशी लष्कराच्या गाड्या आल्या आणि आमच्या गावचा माळ आणि रस्त्याकडची खाचरं काटेरी तारांनी वेढली गेली. चावडीवर नोटीस वाचून दाखवायला कचेरीतून एक कारकून आला होता. काळी टोपी, पांढरं धोतर, आवाज मऊ. सदर जमीन लष्कराकरिता तात्पुरती घेण्यात येत आहे, असं त्याने वाचलं. 'तात्पुरती' हा शब्द गावाला नवा होता. आबांनी विचारलं, "म्हंजी काय, सायेब?"

"म्हणजे लढाई संपली की परत, बाबा. सरकारचा शब्द आहे."

त्याने आबांच्या हातात एक कागद दिला. आबांना वाचता येत नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी 'तात्पुरती' कागदावर नेमकं कुठे लिहिलंय ते माझ्याकडून दाखवून घेतलं आणि त्या जागी कुंकवाचं बोट टेकवलं. पुढे कितीतरी वेळा ते कागद उलगडून त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत बसलेले मी पाहिले आहेत.

पावसाळ्याच्या आत कॅम्प उभा राहिला. सिमेंटची जोती, त्यांवर कमानीसारख्या वाकवलेल्या पत्र्याच्या बराकी, मधून डांबरी रस्ते. तिथे सगळं ओळीत होतं आणि शिपाई प्रत्येक ओळीला लाईन म्हणत. गावानेही ते शब्द उचलले. बराक लाईन, मेस लाईन, खेचर लाईन. आमचं खाचर सखल, माती मऊ, खणायला सोपी. म्हणून तिथे त्यांनी शिपायांना परसाकडेला जायला चर खणले, वर फळ्या टाकल्या, भोवती तरटं बांधली. एक चर भरला की मातीने बुजवायचा आणि शेजारी दुसरा खणायचा. लढाई संपेपर्यंत हे चालू होतं. गाव त्या जागेला संडास लाईन म्हणू लागलं. आबा कधी म्हणाले नाहीत. रस्त्याने जाताना ते उपरण्याचं टोक नाकाला लावत आणि मला सांगत, "वासाचं हाय ते. आज घान येती, उद्या परत आंबेमोहराचा येईल. तात्पुरतं हाय."

लढाई संपली आणि पलटण निघून गेली. तारा गंजल्या, बराकींत शेरडं शिरू लागली. आबांनी कुणाला न विचारता खाचरात नांगर घातला. भात असं माजलं की आपल्याच वजनाने आडवं पडलं. ते आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या वर्षीही तीच तऱ्हा. तिसऱ्या वर्षी एका सकाळी आबा बांधावरून ओरडले, "आला रं, आला!" काय साप आला की वाघ, म्हणून शेजारच्या वावरातली माणसं काठ्या घेऊन धावली. वास आला होता. काठ्या टेकून सगळे जण तिथे बराच वेळ उभे राहिले.

त्याच साली कारकून आमच्या घरी आला. आईने नव्या तांदळाचा भात वाढला. ताटातल्या वाफेवर तोंड नेऊन तो म्हणाला, "काय वास आहे हो, बाबा!" दोनदा भात मागून घेतला. मग हात धुता धुता म्हणाला की जमीन परत तुमच्या नावावर चढवायची तर तो कागद लागेल, बघून देतो. आबांनी कुंकवाचा डाग पडलेला कागद काढून त्याच्या हातात ठेवला. मी शेजारीच उभा होतो. मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? तो निघाला तेव्हा आबांनी त्याला तांदळाचं गाठोडं बांधून दिलं, आणि रस्त्यापर्यंत ते मी डोक्यावरून नेऊन पोचवलं.

कागद काही परत आला नाही. आबा कचेरीत हेलपाटे घालत राहिले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी दप्तर पुण्याला. मग एका उन्हाळ्यात मोजणीची साखळी घेऊन माणसं आली. कॅम्पची जमीन आता सरकारची आणि सरकारने ती पुण्याच्या एका घरबांधणी सोसायटीला दिली, असं कळलं. सोसायटीचा सेक्रेटरी कोण, तर तोच. कचेरी सोडली होती. डोक्यावरची काळी टोपी जाऊन पांढरी आली होती. आबांनी त्याला कागदाचं विचारलं.

"कुठला कागद, बाबा?" तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

तेव्हा माझं मिसरूड फुटत होतं. त्या दिवशी मी डूख धरला.

कॅम्पची वस्ती कशी झाली ते मी रोज येता-जाता बघत होतो. बराकींत विटांच्या आडभिंती घालून एकेकीत चार चार बिऱ्हाडं बसवली. मेसच्या चुलाणांवर सोसायटीचं ऑफिस आलं. खेचर लाईनीत पिठाची गिरणी आणि वाण्याचं दुकान. पहारेकऱ्याच्या खोलीत पोस्टाची पेटी. परेडच्या मैदानावर पोरं विटी-दांडू खेळू लागली आणि काटेरी तारेवर बायका लुगडी वाळत घालू लागल्या, ती टराटरा फाटायची. पुण्याच्या पेठांतून आलेले शाळामास्तर, टपाल खात्यातले, बँकेतले. त्यांचं काही वाईट नव्हतं. त्यांना घर हवं होतं. आमचा हिशेब एकाशीच होता.

त्याने स्वतःसाठी प्लॉट निवडला तो वासाच्या खाचरातला. कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला कागदावरची जमीन पाठ असते, पायाखालची नसते. गवंड्यांना पाया दाखवायला आला तेव्हा मी रस्त्यावर होतो. त्याने वाकून मूठभर माती उचलली, चुरगाळली, नाकाशी नेली आणि सोबतच्या माणसांना म्हणाला, "बघा, काय कसदार माती आहे! असली माती अख्ख्या तालुक्यात नाही." गवंडी आमच्या गावचे. त्यांनी माना खाली घातल्या, खांदे गदगदा हलत होते. पुढे त्याने तिथे गुलाब लावले आणि ते नारळाएवढे होऊ लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फाटकात बोलवून फुलं हुंगायला द्यायचा. ते बघून माझ्या पोटात जो थंडावा पसरायचा त्याला तोड नाही.

एवढ्यावर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण मग पाटी लागली. रस्त्याच्या कडेला निळ्या रंगावर पांढरी अक्षरं होती, सुवासनगर. आणि हा गृहस्थ मुद्दाम आमच्या दारी येऊन म्हणाला, "बाबा, तुमच्या खाचराचं नाव ठेवलंय हं वसाहतीला. जेवताना तुम्ही सांगितलं होतंत ना? तुमची आठवण राहील."

मला वाटलं, आबा आता त्याला जोड्याने मारतील. आबा हसले. खरंच हसले. दुसऱ्या दिवशी ते चालत पाटीपाशी गेले आणि येईल-जाईल त्याला थांबवून अक्षरं वाचायला लावू लागले. मला म्हणाले, "लबाड हाय. पर नाव ठिवलं त्यानं. मातीवरनं आपला हात गेला, नाव ऱ्हायलं. लई झालं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमची जमीन खाल्ली, वर आमच्याच शब्दाला 'सु' चिकटवून तो मिरवतो आणि आमचा म्हातारा त्यावर खूश! ते नाव त्याच्या घशात घालायचं असं मी ठरवून टाकलं. कसं ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते नोकरीने दाखवलं. मी सरकारी लाल गाडीवर कंडक्टर लागलो आणि पुणे–पौड फेरी माझ्याकडे आली. पुण्याला पुराने धुऊन काढलं त्या सालानंतर तर वस्ती भराभर वाढली आणि तिथे गाडीचा थांबा मंजूर झाला. पहिल्याच दिवशी गाडी भरगच्च होती. पुढे सोसायटीतल्या बायका, मध्ये शाळामास्तर, मागे आमचे दूधवाले आणि भाजीवाल्या. गाडी थांबली. मी घंटीची दोरी ओढली आणि छातीत हवा भरून ओरडलो, "चला, संडास लाईनवाले उतरून घ्या!"

क्षणभर कुणाला कळेना. मग मागच्या बाकावरचा एक म्हातारा दूधवाला, ज्याने पलटणीचे दिवस बघितले होते, तो असा हसला की त्याची बत्तीशी हातात आली. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने पुढच्याला. गाडी पुढच्या थांब्यावर पोचेपर्यंत शेवटच्या माणसाला चरांचा सगळा इतिहास कळलेला होता.

दिवसाला चार फेऱ्या. म्हणजे आठ वेळा मी ते नाव पुकारायचो, आणि कधी कंटाळलो नाही. महिनाभरात ते पौडच्या बाजारात पोचलं, दोन महिन्यांत पुण्याच्या स्टँडवर. टांगेवाले तेच म्हणत, भाजीवाल्या तेच म्हणत. कुणीतरी पत्रावर पत्ताही तसा घातला आणि पोस्टमनने पत्र बरोबर पोचवलं. गुलाब हुंगायला आता कुणी फाटकात थांबेना. सेक्रेटरीने डेपोत तक्रार केली आणि मला लेखी खुलासा मागितला गेला. मी लिहून दिलं, 'सदर जागी लष्कराचे संडास होते ही वस्तुस्थिती आहे. प्रवाशांस वस्तुस्थिती सांगणे हे कंडक्टरचे कर्तव्य आहे.' साहेबांनी तो कागद वाचताना तोंडावर रुमाल धरला. मग गंभीर होऊन म्हणाले, यापुढे त्या थांब्यावर नाव पुकारायचं नाही.

मी हुकूम पाळला. थांबा आला की घंटी द्यायचो, "चला, चला," म्हणायचो आणि गप्प राहायचो. पुढचं सगळी गाडी एका सुरात म्हणायची.

एकदा तो स्वतः गाडीत चढला. बाकावर जागा असून माझ्याजवळ दांडीला धरून उभा राहिला. टोपी मळलेली, आवाज तोच, मऊ. "मास्तर, जरा ऐका. मुलीला बघायला पाहुणे आले होते. स्टँडवर पत्ता विचारला तर लोक त्यांच्या तोंडावर हसले. तसेच परत गेले हो. तुम्ही मनात आणलंत तर हे थांबेल."

"आबांचा कागद सापडला का?" मी विचारलं.

"तो आता कसा सापडणार?" तो पटकन बोलून गेला. म्हणजे या खेपेला त्याला कुठला कागद ते बरोबर आठवत होतं.

मी त्याच्या तिकिटाला चिमट्याने भोक पाडलं आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "घाबरू नका, साहेब. नाव तात्पुरतं हाय."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्या मुलीचं काय चुकलं होतं, हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी पडला. तेव्हा पडला नाही. दीड-दोन वर्षांत त्याने बंगला दुसऱ्याला दिला आणि तो पुण्यात परत गेला. त्याचं सामान ट्रकवर चढताना मी गाडी तिथे लागते त्यापेक्षा जरा जास्तच वेळ थांबवून ठेवली. डेपोत पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर मुलगा झाला म्हणून सांगितलं, तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं.

या सगळ्यात आबा कुठे होते? आबा घरी होते. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, गाडीत ते कधी बसत नसत, आणि गावात त्यांच्यासमोर ते नाव काढायची कुणाची छाती नव्हती. वाकड्यात पिकलेल्या नव्या तांदळाची पहिली मूठ घेऊन ते अजूनही दर वर्षी त्या दगडापाशी चालत जात. दगड आता बंगल्याच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला राहिला होता. पण पुढे एका साली त्यांचे गुडघे धरले. माझी सुट्टी होती. म्हणालो, चला आबा, गाडीने जाऊ, एकच तर टप्पा आहे. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, उपरण्याच्या गाठीत तांदूळ बांधले. मुलगा कंडक्टर असलेल्या गाडीत बसायचं म्हणून ते जरा ऐटीत होते.

गाडीवर त्या दिवशी साताऱ्याकडचा नवा कंडक्टर होता. मी तोंड उघडायच्या आत आबांनीच त्याला सांगितलं, "दोन द्या. वासाचं खाचर."

"कुठं आलं ते, बाबा?"

"ह्ये काय, फुडंच. वासाचं खाचर!" आबा मोठ्याने म्हणाले, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं.

पुढच्या बाकावरचा एक परगावचा दूधवाला गर्रकन मागे वळला. "आरं तिच्या! संडास लाईन म्हन्तुया त्यो! वासाचं खाचर! बाबा, लई झ्याक नाव काढलं तुमी, आजवर कुनाला सुचलं न्हाई!"

आणि अख्खी गाडी खो खो हसली. कंडक्टर हसला, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. लोक आपल्याकडे बघून हसताहेत म्हणून आबाही हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हनत्यात रं?"

मी म्हणालो, काही नाही. ते त्यांना ऐकू आलं नाही. "आं?" करून त्यांनी कान पुढे केला. मी हळू सांगितलं, तेही पोचलं नाही. गाडी बघत होती. शेवटी मला ते नाव आणखी एकदा पुकारावं लागलं, आबांच्या कानात, "संडास लाईन! संडास लाईन म्हणतात त्याला!"

आबांचं हसू लगेच गेलं नाही, सावकाश गेलं. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "तिथलीच द्या. दोन."

मी आबांना धरून खाली उतरवलं. मग दगडापुढे बसता बसता म्हणाले, "ते नाव पलटनीबरुबर गेलं व्हतं. कुनी आनलं परत?"

"लोकांनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रोजची सवय असल्यावानी वरडलास."

आबांनी गाठ सोडली, तांदूळ दगडापुढे ठेवले. एकदा वाकून हुंगले, नेहमी हुंगत तसे, आणि उठायला माझ्याकडे हात पुढे केला. परत येताना गाडी नको म्हणाले. गुडघे धरलेले असताना दीड मैल आम्ही बसत, उठत चालत आलो.

त्यानंतर त्यांनी त्या खाचराचं नाव घेतलं नाही. घरात बाकीच्या सगळ्या खाचरांची नावं चालू होती. वाकड्यात पाणी आलं का, मधल्याचा बांध फुटला का. फक्त त्या एकाला ते 'तिकडं' म्हणायचे. नव्या तांदळाची मूठ पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या हाती दिली आणि "तिकडं ठिवून ये," एवढंच सांगितलं.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. भात फुलोऱ्यावर आलं होतं. एका दुपारी मी ड्यूटीवरून आलो, तर त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "तिकडं कुनी ऱ्हातंय का आता?"

"वासाच्या खाचरात व्हय, आबा?" मी मोठ्याने विचारलं, त्यांना नीट ऐकू जाईल असं.

आबांना ऐकू गेलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"तिकडं," ते म्हणाले.